कुशीतली रात्र

नागपुरातलं माहेर, मे महिना. रात्रीचे अकरा वाजले तरी भिंती तापलेल्याच. खिडकीत कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलाय. खाली घातलेल्या गादीवर बाळंतीण एका कुशीवर झोपली आहे. गुडघे वर ओढलेले, हात बाळाच्या डोक्यावरून वळलेला, बाळाचं तोंड बरोबर छातीशी. असं झोपायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन बॉल यांनी झोपलेल्या मायलेकरांचं अंधारात चित्रीकरण केलं, तेव्हा अंगावर पाजणाऱ्या आया अशाच झोपलेल्या दिसल्या. वर हाताची कमान, खाली मांड्यांची. त्यामुळे बाळ उशीकडे सरकत नाही आणि पांघरुणाखालीही घसरत नाही. मराठीत कूस म्हणजे गर्भाशय आणि कूस म्हणजे शरीराची बाजूही. बाळ जिथून आलं आणि जिथे निजलं, त्या दोन्ही जागांना आपण एकाच नावाने हाक मारतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण बाळाला आई रात्रभर इतकी जवळ का लागते? उत्तर दुधात आहे. सशीण पिल्लांना बिळात झाकून निघून जाते आणि दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटं, पाजते. म्हणून तिचं दूध दाट आणि स्निग्ध. माणसाच्या दुधात प्रथिनं जेमतेम 1 टक्का आणि पाणी 87-88 टक्के. इतकं पातळ दूध पुन्हा पुन्हा प्यावंच लागतं, मग दिवस असो की रात्र. (त्यातल्या पाण्यामुळेच नागपूरचा पारा 45 वर गेला तरी अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले सहा महिने पाण्याचा एक चमचाही लागत नाही. घसा सुकेल या काळजीने वाटी-चमचा घेऊन बसणाऱ्या आज्यांना हे प्रेमाने सांगायला हवं.)

रात्रीचं दूध तर आणखी वेगळं. नवजात बाळाला रात्र-दिवस कळत नाही, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन त्याचं शरीर पहिले काही आठवडे ठरल्या वेळी बनवत नाही. आईच्या रात्रीच्या दुधात ते असतं, दिवसाच्या दुधात जवळपास नसतं. म्हणजे बाहेर अंधार पडल्याची खबर बाळाला दुधातून पोचते! शिवाय दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रीचं पाजणं सुटलं की दूध आटतं, असं जुन्या बायका म्हणत आल्या, त्यामागे हेच आहे.

मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात 35 मायलेकरांच्या जोड्यांना प्रयोगशाळेत झोपवून बाळं रात्री किती पितात हे मोजलं. 1997 साली आलेला निष्कर्ष असा: रोज आईजवळ झोपणारी तीन-चार महिन्यांची बाळं वेगळ्या झोपणाऱ्या बाळांपेक्षा रात्री सुमारे दुप्पट वेळा प्यायली, आणि पिण्याचा एकूण वेळ जवळजवळ तिप्पट.

मात्र प्रत्येक अंथरूण कुशीला साजेसं नसतं, आणि इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागू देऊ नये. मऊ, खोल रुतणारी गादी, जड गोधडी, शेजारी दारू प्यायलेलं किंवा तंबाखू ओढणारं माणूस, दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ, यांतलं काहीही असेल तर एका अंथरुणात झोपू नये. पाजून झालं की बाळाला पाठीवर निजवावं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सरसकट सगळ्यांनाच सांगते की खोली एक असावी, अंथरूण वेगळं. आईचा हात पोचेल इतक्या जवळ, टणक आणि सपाट तळाचं छोटं अंथरूण असेल तर कूस आणि सावधगिरी दोन्ही साधतात.

मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते आईचं जागं होणं. त्याच प्रयोगांत बाळाजवळ झोपलेल्या आया जास्त वेळा जाग्या झाल्या, पण अगदी थोड्या थोड्या वेळासाठी, आणि त्यांची एकूण झोप कमी भरली नाही. बाळ चुळबुळलं की आई वळते, पदर सरकवते, पान्हा फुटतो, दोघंही पुन्हा झोपेत. सकाळी आजी चहा घेऊन येते आणि विचारते, "कितीदा उठलं वं लेकरू राती?" बाळंतीण बोटं मोजू लागते, दोनवर अडते, आणि झोपलेल्या बाळाकडे बघत राहते.