किल्ली कोणाच्या हाती?

मुरबे गावच्या माझ्या एका विद्यार्थ्याने बोईसरला जुना लॅपटॉप घेतला. पैसे आईने सुकी मासळी विकून साठवलेले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसत नव्हते. म्हणून त्याने पेन ड्राइव्हवर लिनक्स आणले. यंत्र ते घेईचना.

यामागची यंत्रणा आपण समजून घेतली पाहिजे. संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील चिपमधले फर्मवेअर प्रथम जागे होते. पुढे कोणती कार्यप्रणाली चालवायची, हे तेच ठरवते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’चा सर्वत्र प्रसार झाला. फर्मवेअरमध्ये नोंदलेल्या किल्लीची डिजिटल सही ज्या प्रोग्रॅमवर असेल, तोच चालतो. सुरुवातीलाच शिरणाऱ्या व्हायरसला यामुळे आळा बसतो, हे मान्य. परंतु बहुतेक लॅपटॉपांत ही किल्ली मायक्रोसॉफ्टची असते. उबुंटू, फेडोरा व डेबियन यांनाही ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर तिचीच सही घ्यावी लागते. ती असल्याने या प्रणाली कुलूप न काढताही चालतात.

मग अडले कोठे? आधीच्या मालकाने, एका कार्यालयाने, पेन ड्राइव्हवरून बूट करणे बंद करून फर्मवेअरला पासवर्ड घातला होता. यंत्र विकले, पासवर्ड दिला नाही.

विंडोज ८ च्या काळी, साध्या इंटेल-धर्तीच्या यंत्रांत सिक्युअर बूट मालकाला बंद करता आलेच पाहिजे, अशी अट होती. २०१५ च्या विंडोज १० पासून ती सोय देणे उत्पादकाच्या मर्जीवर गेले. हक्काची मर्जी होते ती अशी, गाजावाजा न करता.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला. तळ्याची व लॅपटॉपची बरोबरी मी करीत नाही. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून जुने यंत्र घेताना दुकानातच फर्मवेअरची सेटिंग उघडून पाहावी. पासवर्ड मागितला तर तो काढून घ्यावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू होते का, हे पाहूनच पैसे मोजावेत. पावती नावावर आणि किल्ली दुसऱ्याकडे, याला मालकी म्हणत नाहीत.