बिबट्या फडात, माणूस कोपीत

बीड जिल्ह्यात वाघांचं जंगल नाही. १०,६९३ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात नाव घ्यावं असं अभयारण्य एकच, पाटोदा तालुक्यातलं नायगाव. १९९४ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य मोरांसाठी आहे आणि त्याचं क्षेत्र जेमतेम ३० चौरस किलोमीटर. बाकी बालाघाटाचे उघडे डोंगर, ज्वारी, तूर, कापूस. वाघ-बिबटे हा ताडोबा-मेळघाटचा विषय, असंच इथे मानलं जायचं.

नोव्हेंबर २०२०मध्ये हा समज मोडला. आष्टी तालुक्यातल्या सुर्डीत शेतात गेलेल्या शेतकऱ्याला बिबट्याने मारलं. आठवडा उलटायच्या आत किन्हीत एक शाळकरी मुलगा आणि पारगाव जोगेश्वरीत एक महिला गेली. ऐन सुगीत रानं ओस पडली. पिंजरे लागले, कॅमेरे लागले; बिबट्या मात्र करमाळ्याकडे सरकला. तिथेही माणसं मारल्यावर १८ डिसेंबरला त्याला गोळी घालण्यात आली.

खरं तर बीडच्या माणसाला बिबट्या नवा नव्हता. दिवाळी सरली की इथले लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांच्या वाटेला लागतात. जुन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यात ऊस हेच बिबट्याचं घर. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावले, तेव्हा जंगल नसलेल्या त्या शेतशिवारात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्याच शिवारात पाचट-ताडपत्रीच्या कोपीत आमची कुटुंबं झोपतात. पहाटेच्या अंधारात बाई वाकून कोयता चालवते, तिचं लेकरू फडाच्या कडेला झोळीत असतं. तोडणीत बछडे सापडले, तर ते संध्याकाळी त्याच जागी ठेवायचे. बहुतेक वेळा मादी येऊन घेऊन जाते. हे ज्ञान फडात राबणाऱ्यांनाही आहे.

बिबट्या दिसला की पहिली मागणी होते, ‘पकडून लांब सोडा’. जुन्नरमध्ये २००१नंतर हेच झालं आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी अधिक धोकादायक ठरला.

वाघही आता मराठवाड्यातून वाटा शोधतो आहे. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९मध्ये १,३०० किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगेत पोचला. २०२१मध्ये वाघ गौताळ्यात दिसला आणि २०२४च्या डिसेंबरात बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाटात. टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. वयात आलेल्या नराला तिथे जागा उरत नाही. तो निघणारच, आणि जिल्ह्याची हद्द त्याला कळत नाही.

म्हणून बीडला नवं अभयारण्य मागण्याआधी साध्या गोष्टी मागायला हव्यात. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री दारं धरायला एकट्याने जावं लागणार नाही. कोपीजवळ दिवा आणि संडास ही कारखान्याची जबाबदारी ठरवा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास शासन २५ लाख रुपये देतं. ते परजिल्ह्यात मेलेल्या मजुराच्या घरी हेलपाटे न घालता पोचले पाहिजेत. वाघ-बिबटे वाचवायचे असतील तर त्यांच्या शेजारी झोपणारा माणूस आधी सुरक्षित करा. नाहीतर संवर्धनाचा सगळा खर्च कोयता धरणाराच भरत राहील.