पणजीचे चेंबर आणि पेडण्याचा दुकानदार

आपल्या न्यासाच्या सभासदांत दुकानदारी, मासळीचा किंवा नारळाचा व्यापार करणारी, आणि अलीकडे पाहुण्यांस खोल्या देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तरीही पणजीस रुआ द ओर्मुझवर जी 'गोवा चेंबर'ची इमारत आहे तिच्यात काय चालते, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण "ती मोठ्या लोकांची सभा" एवढेच सांगतील. हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण अपुरे आहे, आणि त्यात आपलाच तोटा आहे.

व्यापाऱ्यांनी एकत्र बसून सरकारशी बोलावे, ही कल्पना जुनी. फ्रान्समधील मार्सेय बंदरात असे मंडळ १५९९ साली निघाले. मुंबईचे चेंबर १८३६ चे. त्यात युरोपीय पेढ्यांचे वजन फार, म्हणून हिंदी व्यापाऱ्यांनी १९०७ साली 'इंडियन मर्चंट्स चेंबर' काढले. त्याच्या पुढल्याच वर्षी, १९०८ साली, गोव्यात 'आसोसियासांव कोमेर्सियाल दा इंदिया पोर्तुगेझा' स्थापन झाली. त्याच वर्षी लिस्बनमध्ये राजा कार्लुश पहिला याचा खून झाला. तीच संस्था आज 'गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' या नावाने चालू आहे. पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे, म्हणजे आपले त्याहून सव्वीस वर्षांनी वडील!

अशी संस्था नसली म्हणजे काय होते, हे समजण्यास आपल्या शेजारचा आगरवाडा पुरे. त्या गावाच्या नावातच मिठागर आहे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. तो १८८० पासून १८९२ पर्यंत अमलात होता. त्या तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, आणि त्याबद्दल इंग्रज सरकारने पोर्तुगीजांस वर्षाला चार लाख रुपये द्यावेत असे ठरले. करार दोन राजसत्तांचा. मीठ मात्र आगरात गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्याचे. त्याच्या वतीने त्या वाटाघाटीत बोलणारी व्यापाऱ्यांची संस्था तेव्हा गोव्यात नव्हती. याच तहातून मुरगावची आगगाडी व बंदर आले, हेही सांगितले पाहिजे. लाभ कोणाचा आणि भुर्दंड कोणावर, एवढाच प्रश्न.

चेंबर नेमके करते काय? ते सरकार नव्हे. त्याला कर बसवता येत नाही की उठवता येत नाही. सभासदांच्या अडचणी गोळा करून ते सरकारपुढे निवेदने ठेवते, अंदाजपत्रकापूर्वी सूचना पाठवते, बदललेले नियम सभासदांस समजावून देते. परदेशी माल पाठविणाऱ्यास तो माल येथलाच आहे असा उगम-दाखला देते. हा दाखला दिसावयास साधा कागद. पण तो नसेल तर पलीकडच्या बंदरात माल अडकू शकतो.

कागदाची किंमत या लेखकाने लहानपणी पाहिली आहे. आमच्या घरचे किराण्याचे दुकान होते. १९५५ पासून नाकेबंदी. बांदा-सावंतवाडीची नित्याची वाट अडली, आणि गोव्यात हॉलंडचे बटाटे व जपानचे सिमेंट येऊ लागले. १९५९ साली रुपया जाऊन एस्कुदो आला, एका रुपयास सहा. वडिलांनी उधारीची सगळी वही नव्याने मांडली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, भारतीय रुपया आला, आणि वही पुन्हा मांडावी लागली. त्याबरोबर आयात परवान्यांचे भारतीय नियमही आले. एकदा एका नाक्यावर एका सहीसाठी आमची पोती दोन दिवस पडून राहिली. कोणाला विचारावे, हे वडिलांस ठाऊक नव्हते. पणजीत विचारण्याजोगी संस्था आहे, हे त्यांस कोणी सांगितलेच नाही.

आज पेडणे तालुका पूर्वीचा राहिलेला नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. मोरजीच्या किनाऱ्यावर दूरदूरचे पाहुणे येतात; कासवे अंडी घालतात म्हणून तेंबवाड्यास निर्बंध आहेत, आणि ते असावेतच, असे आमचे मत आहे. पण ते निर्बंध झोपडीवाल्याच्या हंगामाशी कसे जुळवावेत, विमानतळास लागणारी भाजी, मासळी व नारळ तालुक्यातून कसा जावा, हरमलच्या मिरचीस मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा दाम पिकविणाऱ्याच्या हाती कसा पडावा, हे प्रश्न एकट्या दुकानदाराच्या अर्जाने सुटणारे नाहीत. चेंबरमध्ये मोठ्या उद्योगांचा आवाज मोठा असणे स्वाभाविक आहे. लहानांनी आत जाऊन बोलल्याखेरीज तो कमी व्हावयाचा नाही.

चोपडे-शिवोलीची फेरीबोट आता कोणास आठवते? पूल झाल्यापासून मोरजीहून सकाळी निघालेला मनुष्य पणजीस काम उरकून दुपारी घरी जेवावयास येतो.