केजच्या न्यायालयातील फौजदारी वकील

मराठवाड्यातील फौजदारी वकिलीविषयी लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा औरंगाबाद खंडपीठातील नामांकित विधिज्ञांकडे न जाता मी बीड जिल्ह्यातील केजला गेलो; कारण या व्यवसायाची खरी परीक्षा अपिलाच्या युक्तिवादात नव्हे, तर शिपाई आरोपीचे नाव पुकारतो त्या तालुक्याच्या व्हरांड्यात होते, असा माझा ग्रह आहे. राज्यपुनर्रचनेनंतर 1981 साली खंडपीठ सुरू होईपर्यंत येथील अपिलांसाठी मुंबई गाठावी लागे. आजही केजच्या दंडाधिकाऱ्यांपुढे किरकोळ खटले चालतात, आणि खुनासारखे गंभीर खटले अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयाकडे सुपूर्द होतात.

ज्या ज्येष्ठ वकिलांच्या टेबलापाशी मी बसलो, त्यांनी औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयातून पदवी घेतली, सनद मिळविली आणि उरलेली विद्या एका सीनिअरांच्या हाताखाली संपादन केली. त्यांचे कौशल्य पंचाच्या उलटतपासणीत आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब 1872 च्या पुरावा कायद्याने अग्राह्य ठरविला, परंतु त्या जबाबावरून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढा भाग ग्राह्य मानला. 2023 च्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे, आणि म्हणूनच झुडपातून काढून दिलेल्या कुऱ्हाडीचा पंचनामा अनेक खटल्यांचा आधारस्तंभ असतो. आवाज न चढविता वकीलसाहेब पंचाला विचारतात, ठाण्यातून निघालात केव्हा, मजकूर सांगितला कोणी, सही शेतात केलीत की ठाण्यात? तिसऱ्या प्रश्नाला पंच बहुधा फिर्यादी पक्षाकडे पाहतो.

तथापि हा पंच, फिर्यादी आणि पुष्कळदा आरोपीही दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर वा कर्नाटकात ऊसतोडीला निघून जातो, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गळीत हंगाम संपेपर्यंत, समन्स बजावणीवाचून परत येत राहते. आरोपी जामिनावर असेल तर साक्षीदाराची स्मृती विटते आणि विलंब बचावाच्या पथ्यावर पडतो. तो कोठडीत असेल तर तोच विलंब शिक्षेवाचून भोगलेली शिक्षा होतो. जामिनावर सुटलेला आरोपी उसाच्या फडात राहिला की गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा लागतो. तो नामंजूर झाला तर वॉरंट निघते, जामीनदाराला नोटीस जाते, आणि ज्याने आपला सातबारा पुढे केला तो चुलता वकिलाच्या दारात उभा राहतो. कायद्याच्या कलमांइतकेच गळीत हंगामाचे ज्ञान या वकिलाला लागते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची मुभा दिली आहे खरी. पण त्यासाठी शासनाने अधिसूचित केलेल्या ठिकाणी हजर व्हावे लागते, आणि फड सोडून तिथवर गेलेल्या मजुराचा तो दिवस मुकादमाच्या वहीत खाडा म्हणून लिहिला जाऊन आगाऊ घेतलेल्या उचलीच्या हिशेबात धरला जातो.