मांजराला कच्चं मांस द्यावं का? 'नैसर्गिक' आहार सुरू करण्यापूर्वी हे समजून घ्या

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि कारण समोर आलं: बर्ड फ्लू, म्हणजेच एच५एन१ विषाणू. खाण्यातून संसर्ग झाला असावा, असा संशय व्यक्त झाला.

त्यानंतर काहीच आठवड्यांत, जानेवारी २०२५ मध्ये, नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला. भारतात घरगुती मांजरांमध्ये एच५एन१ आढळल्याची ही पहिली नोंद. मांजरांना ताप आला, खाणं सुटलं आणि काही दिवसांतच ती गेली. तिथला चिकन बाजार प्रशासनाला बंद करावा लागला.

दुसरीकडे, इन्स्टाग्राम उघडलं की चित्र वेगळंच दिसतं. स्टीलच्या छोट्या वाटीत चिकनचे गुलाबी तुकडे, एखादं काळीज, वर अंड्याचा बलक. शेजारी चकचकीत केसांचं मांजर. खाली लिहिलेलं असतं, 'मांजर हा शिकारी प्राणी आहे, त्याला पाकिटातले दाणे कशाला?'

हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. म्हणूनच त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

मांजराला मांस लागतंच का?

हो, लागतंच. कुत्रा भाकरी-दुधावर बऱ्यापैकी तग धरतो. मांजराचं तसं नाही. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे काही घटक त्याचं शरीर स्वतः तयार करू शकत नाही किंवा पुरेसे तयार करू शकत नाही.

उदाहरणार्थ, आपण गाजर खाल्लं तर त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जमत नाही. त्याला अ जीवनसत्त्व थेट प्राण्यांकडूनच मिळावं लागतं. ॲरॅकिडॉनिक आम्ल नावाच्या स्निग्धाम्लाचंही तेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे टॉरिन. हा घटक कमी पडला तर मांजराची दृष्टी जाऊ शकते आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात.

रानमांजरांसारख्या जगणाऱ्या, स्वतः शिकार करून खाणाऱ्या मांजरांच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्यांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के चरबीतून आणि जेमतेम २ टक्के कर्बोदकांतून येते. त्यामुळे दूध-पोळी किंवा दूध-भात यावर मांजर पोसणं ही आपल्याकडची जुनी सवय असली, तरी तो त्याचा आहार नव्हे. ती जुनी मांजरं टिकली, कारण उरलेला हिशोब त्या घरातले उंदीर, पाली आणि मासळीचे तुकडे पूर्ण करत होते. आजच्या फ्लॅटमधल्या मांजराला ही सोय नाही.

मग कच्च्या मांसाला एवढा जोर कुठून आला?

या मताचे लोक नेहमी एका प्रयोगाचा दाखला देतात. अमेरिकेतले डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे ९०० मांजरांवर प्रयोग केले. कच्चं मांस खाणारी मांजरं सुदृढ राहिली, तर शिजवलेलं मांस खाणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या दुबळ्या होत गेल्या, असं त्यांनी नोंदवलं.

पण तेव्हा मांजराला टॉरिनची गरज असते हेच कुणाला माहीत नव्हतं. मांस शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून दिलं की टॉरिनही गेलं. त्यामुळे त्या मांजरांचं नुकसान शिजवल्यामुळे झालं की आहारात एक घटक कमी पडल्यामुळे, हे त्या प्रयोगावरून ठरवता येत नाही.

टॉरिन आणि डोळ्यांचा संबंध १९७५ मध्ये उघड झाला. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी टॉरिनच्या कमतरतेमुळे मांजरांचं हृदय निकामी होतं, हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे ही मांजरं बाजारात मिळणारं तयार खाद्य खात होती. टॉरिन दिल्यावर त्यांचं हृदय सुधारलं. त्यानंतर कंपन्यांनी आपल्या खाद्यातलं टॉरिन वाढवलं.

म्हणजे पाकिटातल्या खाद्यावर शंका घेणाऱ्यांकडे इतिहास आहे. पण त्याच इतिहासाचा दुसरा धडाही आहे. मांजराच्या आहारात एक घटक जरी कमी पडला, तरी मांजर आतून पोखरत जातं आणि बाहेरून बराच काळ काहीच दिसत नाही.

चिकनच्या दुकानातलं मांस म्हणजे उंदीर नव्हे, ते कसं?

'निसर्गात मांजर कच्चंच खातं,' हे वाक्य खरं आहे. पण निसर्गात मांजर अख्खा उंदीर खातं. मांस, हाडं, काळीज, यकृत, मेंदू, रक्त, सगळं. तेही नुकतंच मारलेलं. हाडांतून कॅल्शियम मिळतं, हृदयातून टॉरिन, यकृतातून अ जीवनसत्त्व. शिवाय उंदराच्या शरीरात जवळपास दोन तृतीयांश पाणीच असतं.

आपण दुकानातून अर्धा किलो बोनलेस आणतो तेव्हा यातलं फक्त मांस आणतो. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या किमान दहापट असतो, खरं तर दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात हवेत. फक्त बोनलेसवर वाढणाऱ्या पिल्लाचं शरीर मग कॅल्शियमसाठी स्वतःच्याच हाडांकडे हात पसरतं. हाडं इतकी ठिसूळ होतात की सोफ्यावरून उडी मारतानाही मोडू शकतात. कोंबडीच्या छातीच्या मांसात टॉरिनही तंगडीच्या मांसापेक्षा कितीतरी कमी असतं.

'मग भरपूर यकृत घालू,' असं वाटू शकतं. पण रोज जास्त यकृत दिलं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांना जुळू शकतात. रोज कच्ची मासळी दिली तर वेगळी अडचण. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि मांजराला झटके येऊ शकतात.

इंटरनेटवरच्या पाककृतींचं काय? डेव्हिसमधल्याच संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, संकेतस्थळांवरच्या, काही पशुवैद्यांनी लिहिलेल्या. ज्यांचं पोषणमूल्य मोजता आलं, त्यांतली एकही पाककृती मांजराच्या सगळ्या गरजा पूर्ण करत नव्हती.

जंतूंचा धोका खरंच एवढा असतो का?

मांजराच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं, त्याला काही होत नाही, असं सांगितलं जातं. अनेकदा मांजराला खरंच काही होत नाही. पण ते जंतू त्याच्या विष्ठेतून, तोंडातून, खाण्याच्या वाटीतून आणि आपल्या ओट्यावरून घरभर पोहोचतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या प्राणी-खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे जंतू सापडले. ब्रिटनमध्ये २०१८-१९ च्या सुमारास घरातच राहणाऱ्या मांजरांना क्षयरोग झाल्याची प्रकरणं समोर आली. त्यांचा धागा हरणाच्या कच्च्या मांसापासून बनवलेल्या तयार खाद्यापर्यंत गेला.

यात एक गोष्ट आपण विसरतो. आपल्याकडे दुकानात मिळणारं चिकन किंवा मटण घरी नेऊन शिजवलं जाईल, हे गृहीत धरूनच विकलं जातं. त्या मांसाची शेवटची सुरक्षा तपासणी आपल्या गॅसच्या शेगडीवर होते. मांजराच्या वाटीत कच्चं मांस टाकताना आपण ही तपासणीच वगळतो.

बर्ड फ्लूने काय बदललं?

मांजरवर्गातले प्राणी आणि एच५एन१ हे नातं नवं नाही. २००४ मध्ये थायलंडमधल्या एका व्याघ्र प्राणिसंग्रहालयात वाघांना कोंबड्यांचं कच्चं मांस खायला दिलं गेलं. ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावं लागलं. २०२३ मध्ये पोलंडमध्ये अनेक घरगुती मांजरं याच विषाणूने दगावली, तेव्हाही कच्च्या कोंबडीच्या मांसावर संशय घेतला गेला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बाधित गायींचं कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली.

डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगॉन राज्यातलं एक मांजर गेलं. ते घराबाहेर पडतच नव्हतं. त्याने खाल्लेल्या टर्कीच्या गोठवलेल्या कच्च्या खाद्यात एच५एन१ सापडला. मांजरातला आणि खाद्यातला विषाणू जुळला आणि ते खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं.

'आम्ही मांस आधी फ्रीझरमध्ये ठेवतो,' असं सांगणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. गोठवल्याने काही परजीवी मरतात. विषाणू आणि बहुतेक जीवाणू मात्र थंडीत शाबूत राहतात. विषाणू मारायचा तर मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअस तापायला हवं. म्हणजेच ते शिजवायला हवं.

कोणत्या घरात कच्चं मांस अजिबात नको?

घरात गरोदर स्त्री, लहान मूल, वयस्कर व्यक्ती, कर्करोगावर उपचार घेणारं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर हा प्रयोग करू नये. कच्च्या मांसातून मांजराला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मिळू शकतो. संसर्गानंतर एक ते तीन आठवडे तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गर्भाला धोका पोहोचवू शकतो.

पिल्लं, गाभण मांजर, म्हातारं किंवा किडनीचा त्रास असलेलं मांजर यांच्या बाबतीतही तेच.

मग आहार बदलायचाच नाही का?

बदलता येतो. कच्च्या आहाराकडे वळणाऱ्या लोकांना खरं तर तीन गोष्टी हव्या असतात: जास्त मांस, जास्त पाणी आणि कमी धान्य. या तिन्ही गोष्टी कच्च्या मांसाशिवाय मिळतात.

सोपा मार्ग म्हणजे ओलं तयार खाद्य. कोरड्या दाण्यांत सुमारे १० टक्के पाणी असतं, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. घेताना पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलंय का, ते पाहा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते फक्त अधूनमधून देण्याचं खाणं आहे, रोजचं जेवण नव्हे.

दुसरा मार्ग म्हणजे घरी शिजवलेलं मांस. त्यासाठी टॉरिन, कॅल्शियम आणि इतर पूरकांचं प्रमाण पशुवैद्याकडून मांजराच्या वजनानुसार ठरवून घ्या. मांस मीठ-मसाल्याशिवाय उकडा आणि ते पाणी फेकू नका, खाण्यातच मिसळा. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे होतात. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही टाळा. वाटणातला कांदा आणि लसूण मांजराच्या लाल रक्तपेशी नष्ट करतात.

बदल कोणताही असो, तो सात ते दहा दिवसांत हळूहळू करा. पहिल्या दिवशी जुन्या खाण्यात पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. आणि 'भूक लागली की खाईल आपोआप' हा हट्ट मांजरासोबत अजिबात चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून त्याच्या जिवावर बेतू शकतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना फोन करा.

आधीपासून कच्चं मांस देत असाल तर?

घाबरून एका रात्रीत सगळं बंद करायची गरज नाही. उद्यापासून तेच मांस शिजवून द्यायला सुरुवात करा, बहुतेक मांजरं कोमट मांस आवडीने खातात. पूरकं देत नसाल तर पुढच्या भेटीत पशुवैद्याला ते स्पष्ट सांगा. किती महिने काय दिलं, हेही सांगा. मांजराला ताप, सुस्ती, धाप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोल जाणं किंवा झटके असं काही दिसलं, तर कच्चं मांस किंवा कच्चं दूध दिल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका. ही माहिती मिळाली तर त्यांना योग्य तपासणी करता येते आणि मांजराला हाताळताना स्वतःची काळजीही घेता येते.

मांजराला शिकारी म्हणून वागवायचं असेल, तर त्याला रोज पंधरा मिनिटं दोरीमागे पळवा, खिडकीत बसायला जागा द्या, खाणं लपवून शोधायला लावा. त्याच्यातला शिकारी तेवढ्याने खूश होतो. मांस मात्र शेगडीवरून वाटीत जाऊ द्या.