चोरीस गेलेल्या फोनचा माग

गेल्या श्रावणांतील एका सोमवारीं आम्ही उभयतां परळीस वैजनाथाच्या दर्शनास गेलों होतों. दर्शन घेऊन पायऱ्या उतरतांना आमच्या कुटुंबाच्या लक्षांत आलें कीं, खांद्यावरील पिशवी तशीच आहे, मात्र तिच्यांतील फोन नाहीं. पुढें मीं काय केलें तें सांगतों, कारण तें बहुतेक सर्व चुकीचें होतें. मी माझ्या फोनवरून त्या फोनला घंटा देऊं लागलों. पहिल्या खेपेस ती वाजली. दुसऱ्या खेपेस वाजतां वाजतां तुटली. तिसऱ्या खेपेस फोन बंद असल्याचें ऐकूं आलें. तरीही पाऊण तास माझा तोच उद्योग चालू होता. मग फुलवाल्यांस विचारलें, चपला सांभाळणाऱ्या मुलास विचारलें, आणि सायंकाळीं बीडला परतल्यावर मुलाच्या कानावर गोष्ट घातली. मधल्या सहा तासांत बँकेंतील पैशांस कोणी हात लावला नाहीं, यांत माझ्या शहाणपणाचा भाग कांहींच नव्हता.

फोन गेला म्हणजे एक वस्तु गेली असें आपणांस वाटतें. वास्तविक तीन गोष्टी एकदम गेलेल्या असतात. तें यंत्र गेलें. सिमकार्ड, म्हणजे आपला क्रमांक गेला. आणि आंतील ऐवज गेला. बहुतेक चोरांस यंत्रच हवें असतें. परंतु ज्याला थोडें अधिक कळतें तो सिम काढून दुसऱ्या फोनांत घालतो. आपल्या फोनचें कुलूप कितीही भक्कम असलें तरी तें सिमला लागू नसतें. त्या क्रमांकावर येणारे ओटीपी मग त्याच्या हातीं पडूं लागतात. आपल्याकडे आधारकार्ड फोनच्या मागील कव्हरांत खोंचून ठेवण्याची जी पद्धति पडली आहे, ती या दृष्टीनें फार घातक आहे. आधारचा क्रमांक आणि चालू सिम हीं दोन्ही एका हातांत आलीं, कीं कित्येक बँकांच्या बाबतींत यूपीआयचा गुप्त पिन नव्यानें ठरवितां येतो. म्हणजे चोराला आपला पिन ओळखावा लागत नाहीं. तो स्वतःच नवा करतो.

म्हणून यंत्राचा शोध मागाहून. आधीं क्रमांक आणि पैसा. त्यांतही एक बारकावा आहे. सिम बंद केलें कीं फोनचें इंटरनेटही बहुधा तुटतें, आणि मग दूरून त्याला कुलूप घालतां येत नाहीं. तेव्हां सोबतच्या माणसाच्या फोनवरून प्रथम गूगलचें फाइंड हब, अथवा आयफोन असल्यास ॲपलचें फाइंड माय उघडावें, आणि आपला फोन हरवल्याची खूण करून तो बंद करावा. पांच मिनिटांत हें साधलें तर उत्तम. न साधल्यास त्यापायीं अधिक वेळ घालवूं नये. लगेच सिमच्या कंपनीस कळवून क्रमांक थांबवावा, मग बँकेस कळवून खात्यावरील मोबाइल-व्यवहार थांबवावे. पैसे गेल्याचें दिसल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ सांगावें. हा सायबर फसवणुकीसाठीं असलेला राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा पळत असतो, आणि तो वाटेंत अडविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते.

येथें एक अडचण येते, आणि ती घरीं बसून आधींच दूर करण्यासारखी आहे. परक्या फोनवर आपलें गूगलचें खातें उघडूं गेलें कीं, "हे खरोखर आपणच ना?" असें तें विचारतें, आणि खात्रीसाठीं आंकडे पाठवितें, ते नेमके हरवलेल्या फोनवर! किल्ली कुलुपाच्या आंत राहावी तसा हा प्रकार. यावर उपाय म्हणून गूगल प्रत्येकी आठ आंकड्यांचे दहा राखीव संकेत देतें. ते कागदावर उतरून घेऊन कपाटांत ठेवावे. शिवाय अँड्रॉइड फोनांत अशी एक सोय आहे कीं, आपला फोन-क्रमांक तेवढा देऊन दूरून पडदा बंद करतां येतो. पण ती सेटिंगमध्यें आधींच चालू करून ठेवावी लागते. सिमलाही स्वतंत्र पिन घालतां येतो. तो घातला असला म्हणजे सिम दुसऱ्या फोनांत टाकतांच पिन विचारला जातो, आणि तीनदां चुकला कीं सिम अडकून पडतें. मग कंपनीकडून पीयूके नांवाचा दुसरा आंकडा मिळवावा लागतो. ही युक्ति जुनी, साधी आणि बिनखर्चाची आहे. तरी ती वापरणारा गृहस्थ माझ्या ओळखींत एकही नाहीं.

नकाशावर फोनचा ठिपका दिसूं लागला म्हणजे मनुष्यास वीरश्री चढते. तरुण मुलें मोटरसायकल काढून निघतात. असें करूं नये. दाट वस्तींत तो ठिपका एकदोन घरें इकडेतिकडे असूं शकतो. भलत्याच दारावर थाप मारली तर भांडण, आणि बरोबर दारावर मारली तर त्याहून वाईट. ठिपक्याचें चित्र काढून तें पोलिसांस द्यावें. तसेंच, आंतील सर्व मजकूर दूरून पुसून टाकण्याची सोय आहे, पण तिची घाई करूं नये. अँड्रॉइड फोन पुसला कीं तो फाइंड हबला पुन्हां दिसत नाहीं. आणखी एक. कांहीं दिवसांनीं "आपला फोन सापडला आहे, येथें दाबा" असा निरोप येऊं शकतो. तो बहुधा चोराच्या टोळीचा असतो. फोन त्यांच्या हातांत असतो, पण आपल्या पासवर्डावांचून तो त्यांस उघडत नाहीं; आणि तो आपणांकडूनच काढून घेण्याची ही खटपट असते.

आतां यंत्राकडे वळूं. प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नांवाचा पंधरा आंकडी क्रमांक असतो. दोन सिमांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर *#06# दाबलें कीं ते पडद्यावर येतात; खोक्यावर आणि बहुधा पावतीवरही छापलेले असतात. पहिले आठ आंकडे फोनची जात सांगतात, पुढील सहा त्या जातींतील व्यक्ति सांगतात, आणि पंधरावा केवळ ताळा पाहण्यासाठीं असतो. जन्मभर मुलांकडून ताळे करवून घेतल्यामुळें मला या पंधराव्या आंकड्याचें मोठें कौतुक वाटतें. पहिल्या चवदा आंकड्यांपैकीं दुसरा, चवथा, सहावा असे सम स्थानांवरील आंकडे दुप्पट करावे. दुप्पट दोन आंकडी आली, जसे साताचे चवदा, तर एक आणि चार मिळवून पांच धरावे. या सर्वांची विषम स्थानांवरील आंकड्यांशीं बेरीज करावी. ती बावन्न आली, तर साठ होण्यास आठ हवे. पंधरावा आंकडा आठ. क्रमांक उतरतांना एक आंकडा चुकला तर हा ताळा जमत नाहीं. घरांतील मुलांस हा प्रयोग करावयास द्यावा. त्या निमित्तानें क्रमांक कागदावर उतरेल तरी.

या क्रमांकाच्या आधारें चोरीच्या फोनांची काळी यादी करावी, ही कल्पना जगांत नवी नाहीं. हा क्रमांक खोडून बदलणें ब्रिटननें 2002 सालीं गुन्हा ठरविलें. आपल्या देशांत दूरसंचार विभागानें सीईआयआर नांवाची केंद्रीय नोंदवही केली, आणि तिचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रांत सप्टेंबर 2019 मध्यें सुरू झाला. मे 2023 पासून ती सर्व देशास खुली आहे. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तेथें जातां येतें, आणि जानेवारी 2025 पासून त्याच नांवाचें ॲपही आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यानें हा क्रमांक बदलणारास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

नोंद करण्याचा क्रम असा: प्रथम पोलिसांत तक्रार. फोन चोरीस गेला असेल तर "हरवला" असें लिहूं नये. चोरी ती चोरी. गुन्हा परळीस घडला म्हणून परळीसच गेलें पाहिजे असेंही नाहीं. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणें कोणत्याही ठाण्यांत खबर देतां येते, आणि ती योग्य ठाण्याकडे जाते. आम्हीं बीडलाच दिली. त्यानंतर त्याच क्रमांकाचें नवें सिम घ्यावें. अशा सिमवर संदेश येण्यास चोवीस तासांपर्यंत लागूं शकतात. ही खोड नव्हे, आपल्याच रक्षणासाठीं असलेला नियम आहे. मग तक्रारीची प्रत, फोनची पावती आणि ओळखपत्र जोडून सीईआयआरवर अर्ज भरावा. नव्या सिमवर ओटीपी येतो, अर्जाचा क्रमांक मिळतो, आणि चोवीस तासांच्या आंत तो फोन देशांतील सर्व कंपन्यांस बंद होतो.

पुष्कळांस भीति वाटते कीं, फोन असा बंद करविला तर त्याचा माग कसा लागेल? माझ्याही मनांत ही शंका होती, म्हणून मी आणखी दोन दिवस थांबलों. ती निराधार आहे. त्या यंत्रांत कोणीही सिम घातलें कीं त्याची नोंद होते, आणि ती पोलिसांकडे जाते. म्हणजे कुलूपही लागतें आणि पहाराही बसतो.

हें सर्व पावती जपणाऱ्या शहरी घरांस सोपें. आपल्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जाणाऱ्या कुटुंबांचें काय? फोन हाच त्यांचा गांवाशीं धागा. मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांशीं आणि मुलांशीं बोलणें त्यावरच. तो बहुधा जुना घेतलेला, पावती नाहीं, खोकें नाहीं. फडावर तो चोरीस गेला तर कशाच्या आधारावर अर्ज करणार? जुना फोन घेतांना विकणाराकडून मूळ पावती मागून घ्यावी, आणि घेण्यापूर्वीं केवायएम हीं अक्षरें इंग्रजींत लिहून, जागा सोडून, तो पंधरा आंकडी क्रमांक 14422 वर पाठवावा. फोन काळ्या यादींत असेल तर उत्तरांत तसें कळतें. हें आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंस आणि शेतावरील गड्यास सांगावें. आपणांस त्यासाठीं पांच मिनिटें लागतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हाही गुन्हा आहे, आणि न जाणतां घेतला तरी फोन जातो तो जातोच.

आमच्या बाबतींत तसेंच झालें. साडेतीन महिन्यांनीं पोलिसांचा निरोप आला. फोन दुसऱ्या जिल्ह्यांतील एका मजुराकडे निघाला; त्यानें तो बाजारांत रोख पैसे देऊन घेतला होता. त्याचे पैसे बुडाले, याचें वाईट वाटलें. फोन परत मिळाल्यावर काळ्या यादींतून नांव काढण्याचा अर्ज आपणच करावयाचा असतो. त्यास पहिल्या अर्जाचा क्रमांक लागतो, तो टाकून देऊं नये.

यंत्र आलें, पण आंत कांहींच नव्हतें. वाटेंत कोणीतरी तें पुसलें होतें. छायाचित्रांच्या प्रती मुलाकडे होत्या. नव्हत्या त्या माझ्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या. त्या जाण्यापूर्वीं एका उन्हाळ्यांत आमच्या कुटुंबानें माजलगांवच्या घरीं बसून त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, आणि ती एकच प्रत होती. गूगलवर वा दुसऱ्या यंत्रावर तिची प्रत ठेवण्याचें काम मी "उद्यां करूं" म्हणत राहिलों होतों. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई धारूरास असतात. त्यांना त्यांतल्या कांहीं ओव्या येतात असें कळलें आहे. येत्या रविवारीं आम्ही तिकडे जाणार आहों, आणि मुलानें या खेपेस दोन फोन बरोबर घेण्यास सांगितलें आहे.