बंद घर नांदतें करतांना

वर्षानुवर्षें कुलूप पडलेलें कोंकणांतील वडिलोपार्जित घर वाटणीच्या वादांत ढासळूं द्यावें, कीं त्यांत पुन्हां राहावयास जावें, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढें आहे. राहावयाचें ठरल्यास रंगाचा विचार मागाहून. आधीं पाण्याची वाट शोधावी. १८६५ सालीं मंगळूर येथें बासेल मिशननें कारखाना काढल्यावर या किनाऱ्यावर प्रसार पावलेलीं कौलें एकमेकांत अडकतात. फुटलेलें एक कौल वेळींच बदललें तर खालचा वासा वांचतो. ओलावलेल्या लांकडावर वाळवीचे मातकट माग दिसतात ते उगीच नव्हे. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह टाळावा. ओल आंतच कोंडते. चुना मात्र हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो व ओलीस बाहेर पडूं देतो.

या खटाटोपांत अंग आंबून जातें, चुन्यानें हात चरचरतात. पण तिन्हीसांजेस सारवलेल्या ओटीवर दिवा लागतो आणि शेजारीण ‘घर नांदतें झालें हो!’ म्हणते, तेव्हां श्रमांचें सार्थक होतें. दुरुस्तीनें घर उभें राहतें. टिकतें मात्र माणसांच्या वावरण्यानें, कारण नांदत्या घरांतील गळती पहिल्याच पावसांत कोणाच्या तरी दृष्टीस पडते.